रोजचं ध्यान आणि सकारात्मक विचार: घरच्या घरी सुरुवात कशी करायची, अगदी पहिल्या दिवसापासून

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी आम्ही काही जण ध्यानाला बसतो, त्यामुळे जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे कोणी ना कोणी विचारतंच की मलाही करायचंय पण जमत नाही हो, डोळे मिटले की डोक्यात नुसती विचारांची गर्दी. त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते की ती गर्दी ध्यानामुळे होत नाही, ती दिवसभर असतेच, डोळे मिटल्यावर फक्त दिसायला लागते. २०१० साली हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी फोनवरच्या अ‍ॅपमधून लोकांना दिवसात कधीही मधूनच विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि मन भटकलेलं असताना लोकांना एकूणात कमी बरं वाटत होतं. म्हणजे तुमचं काही वेगळं चाललेलं नाहीये, सगळ्यांचंच असं आहे.

दुसरी गोष्ट सकारात्मक विचारांबद्दल. "मी खूप छान आहे, मी यशस्वी आहे" असं रोज आरशासमोर म्हणा असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत असतं त्यांना तो थोडाफार लागूही पडतो. पण २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं तेव्हा ज्यांचा आत्मविश्वास आधीच कमी होता त्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. साहजिक आहे, तोंड एक बोलतंय आणि आतून लगेच उत्तर येतंय की खोटं आहे हे. म्हणून माझं ठाम मत असं झालंय की क्रम महत्त्वाचा आहे, आधी श्वासावर बसायला शिका, मग आपल्या डोक्यात काय चाललंय ते बघायला शिका, आणि मगच विचार बदलायच्या मागे लागा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्यात, घाई करून शेवटच्या पायरीवर उडी मारू नका.

साधारण वेळापत्रक आधीच सांगून टाकते. पहिला आठवडा फक्त श्वास, रोज ५ मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात ८ ते १० मिनिटं आणि विचारांना नाव देणं. तिसऱ्या आठवड्यात वही. चौथ्यात रात्रीचा भाग. एखाद्या पायरीला जास्त दिवस लागले तर लागू द्या.

पायरी १: वेळ घड्याळाशी नाही, कामाशी जोडा

"उद्यापासून सकाळी साडेपाचला" असं ठरवलेलं बहुतेक आठवड्याभरात मोडतं, कारण एक दिवस पाणी लवकर येतं, एक दिवस मुलाची शाळा लवकर असते आणि मग सगळंच बिघडतं. त्यापेक्षा जे काम तुम्ही न चुकता करताच त्याच्या मागे हे लावा. दात घासून झाले की चहा टाकायच्या आधी. देवापाशी दिवा लावला की तिथेच. डबे भरून सगळे बाहेर पडले की भांडीवाल्या मावशी यायच्या आधीची जी १० मिनिटं असतात ती, गृहिणींसाठी मला सगळ्यात चांगली वेळ वाटते, कारण तेव्हा हाक मारणारं कोणी नसतं. कसाऱ्याहून किंवा कर्जतहून लोकलने जाणाऱ्यांनी सीट मिळाली की पहिली ५ मिनिटं ठरवावीत, गाडीतल्या आवाजाची सवय होते, खरंच होते. नाइट शिफ्टवाल्यांनी सकाळचा हट्ट धरू नये, झोपून उठल्यावर जी काय वेळ असेल तीच त्यांची सकाळ.

फक्त एक नियम कडक ठेवा, बसायच्या आधी फोन बघायचा नाही. एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की पंधरा जणांचे विचार डोक्यात येऊन बसतात आणि मग त्यांनाच आवरण्यात वेळ जातो. टायमर लावायचा असेल तर रात्रीच लावून फोन हाताला लागणार नाही असा ठेवा.

सवय २१ दिवसांत लागते असं सगळेच सांगतात, तसं काही नाहीये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी लोकांच्या रोजच्या छोट्या सवयींचा अभ्यास केला त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि फरक इतका की कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यातलीच दुसरी गोष्ट जास्त धीर देणारी आहे, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. लग्नकार्य, पाहुणे, आजारपण, गणपती यात दिवस बुडणारच, दुसऱ्या दिवशी बसायचं, चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून डबल बसायचं नाही.

पायरी २: बसणं

पद्मासन लागत नाही म्हणून ध्यान न करणारे लोक मी पाहिलेत आणि मला फार वाईट वाटतं. पद्मासनाची काही गरज नाही. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले असू देत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. जमिनीवर बसणार असाल तर सतरंजीवर आणखी एक चादर घट्ट घडी करून फक्त बैठकीखाली घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते आणि पाठ आपोआप सरळ होते, हा छोटासा बदल केल्यावर अर्ध्या लोकांची पाठदुखीची तक्रार बंद होते. भिंतीला टेकलात तरी चालतं. हात मांडीवर, कसेही. डोळे मिटून भीती वाटत असेल तर अर्धे उघडे ठेवून समोरच्या फरशीकडे नजर सैल सोडा.

पोटभर जेवल्यावर लगेच बसू नका, झोप येते. पंखा, डास, दाराची बेल याची सोय आधी करा, घरच्यांना सांगून ठेवा की १० मिनिटं मला हाक मारू नका. लहान मुलं ऐकणार नाहीत, ती मांडीवर येऊन बसली तर बसू द्यात, त्यांना घेऊनच श्वास बघा.

पाय बधिर झाला तर हलवायचा की नाही हे सगळे विचारतात. हलवा, पण आधी दोन श्वास तसेच थांबा, मग सावकाश हलवा, आणि हलवताना त्या हलण्याकडे लक्ष द्या. नाकाला खाज सुटली तरी तेच.

पायरी ३: श्वास

ह्याला दोन भाग आहेत. पहिली दोन मिनिटं श्वास थोडा मुद्दाम लांब करायचा. नाकाने आत घेताना मनात ४ पर्यंत मोजा, सोडताना ६ पर्यंत. साधारण एका सेकंदाला एक आकडा. असा एक श्वास १० सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला ६. एरवी शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंद होतात, हे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमुळे घडतं, म्हणून सोडणं लांब ठेवलं की शरीराला आपोआप निवांत व्हायचा इशारा जातो. मनगटावर नाडी धरून करून बघा, कितीतरी जणांना हा फरक बोटाखाली कळतो.

श्वास रोखून धरायचा नाही. बीपी, हार्टचा त्रास, गरोदरपण, दमा यांपैकी काही असेल तर मोजणंही सोडून द्या, फक्त सोडताना घाई करू नका एवढंच. चक्कर किंवा घुसमट वाटली तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्या.

या सगळ्याची प्रयोगशाळेत तपासणी करायचं काम आपल्या महाराष्ट्रातच फार लवकर सुरू झालं, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे बघण्यासाठीच. ज्यांना ध्यान म्हणजे सगळं हवेतलं वाटतं त्यांच्यासाठी सांगितलं.

दुसरा भाग म्हणजे मोजणं थांबवून श्वास जसा आहे तसा बघणं. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर हवा लागते तिथे लक्ष ठेवा. आत येताना थोडी गार, बाहेर जाताना थोडी कोमट. काही करायचं नाही, लांब करायचा नाही, खोल करायचा नाही. यालाच आनापान म्हणतात, आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या परंपरेत जी १० दिवसांची विपश्यना शिबिरं होतात त्यात पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त हेच करून घेतात. तीन दिवस नुसता श्वास! तेव्हा तुमच्या ५ मिनिटांत मन चारदा पळालं तर त्यात निराश व्हायचं कारणच नाही.

प्रत्यक्षात ती ५ मिनिटं कशी जातात ते सांगते म्हणजे तुम्हाला ओळखीचं वाटेल. श्वास आत, बाहेर, आत, बाहेर, दूध फ्रीजमध्ये ठेवलं का, ठेवलं बहुतेक, काल त्या बाईने बिल चुकीचं लावलं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं, आज गेले की सांगते तिला, असं सांगेन की... अरे, श्वास. हा जो "अरे" आहे ना, तो क्षण सगळ्यात कामाचा. तिथे स्वतःवर वैतागायचं नाही, शाबासकी पण नको, परत नाकापाशी यायचं. पुन्हा पळेल, पुन्हा यायचं. ५ मिनिटांत वीस वेळा परत आलात तर वीस वेळा व्यायाम झाला असं धरा. ज्या दिवशी मन अगदी शांत होतं तो दिवस छान आणि पळालं तो वाईट असा हिशोब ठेवू नका.

फक्त श्वास कोरडा वाटत असेल तर नाम घ्या. रामकृष्णहरी, विठ्ठल, अल्ला, येशू, तुमच्या घरात जे असेल ते, श्वासाबरोबर मनात. १०८ मण्यांची माळ असेल तर मणी सरकवत एक फेरी करा, बोटांना काम मिळालं की चंचल माणसाला सोपं जातं. देवधर्म नको असेल तर श्वास सुटला की एक, पुढचा दोन, असं १० पर्यंत आणि परत एकपासून. मध्येच १७ पर्यंत पोचलेलं लक्षात येईल, तेव्हा एकपासून सुरू करा.

आणि ज्यांना बसवतच नाही त्यांनी चालावं. गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये दहा-बारा पावलं सावकाश, टाच टेकली, पंजा टेकला, उचलला, एवढंच बघत. खूप काळजीत असलेल्या माणसाला कधीकधी श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच धडधडतं, त्यांच्यासाठी चालणं किंवा डोळे उघडे ठेवून आजूबाजूचे आवाज ऐकणं हेच बरं. कावळा, मिक्सर, दुरून रिक्षा, ऐकायचं आणि सोडायचं.

पायरी ४: विचाराला नाव द्या

दुसऱ्या आठवड्यात हे घ्या. "अरे" झालं की लगेच श्वासाकडे न जाता मनात एकच शब्द म्हणायचा. काळजी. हिशोब. भांडण. आठवण. प्लॅनिंग. मग श्वास. बस. विचार बरोबर की चूक ते बघायचं नाही, कुठून आला ते शोधायचं नाही.

हे दिसायला फारच साधं आहे पण याच्यामागे आधार आहे. लॉस एंजलिसमधल्या मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये लोकांना रागाचे, भीतीचे चेहरे दाखवले आणि त्या भावनेला शब्द द्यायला लावलं, तेव्हा मेंदूतला भीतीची घंटा वाजवणारा जो भाग आहे, अमिग्डाला, तो कमी पेटलेला दिसला. आमच्या गटात बऱ्याच जणांना हे केल्यावर एक मजेशीर गोष्ट कळली की आपले विचार खूप वाटतात पण प्रकार चार-पाचच असतात. एकाचे तर जवळपास सगळेच "हिशोब" निघाले, ईएमआय, फी, डिपॉझिट. मग त्यांनी एका रविवारी बायकोबरोबर बसून महिन्याचा खर्च कागदावर मांडला आणि त्यांचं ध्यान त्यानंतर सुधारलं. काही विचार असे असतात की ते बघत बसायचे नसतात, त्यांचं काम करून टाकायचं असतं.

पायरी ५: वही

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी टाळतात, कारण लिहायचा कंटाळा. साधी शंभर पानी वही घ्या. रोज लिहायची गरज नाही, ज्या दिवशी काही लागलं, राग आला, रडू आलं त्या दिवशीच.

ही पद्धत माझी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत यावर उपचारपद्धती उभ्या केल्या, की घटना आपल्याला जेवढा त्रास देते त्यात आपण त्या घटनेचा काय अर्थ लावला याचा मोठा वाटा असतो. आपल्याकडे एलिस यांच्या पद्धतीला विवेकनिष्ठ म्हणतात आणि ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने ती मराठीत घरोघरी पोचवायचं खूप मोठं काम केलंय.

पानावर या क्रमाने लिहायचं: काय घडलं, डोक्यात काय वाक्य आलं, काय वाटलं आणि १०० पैकी किती, त्या वाक्याच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, आणि शेवटी नवीन वाक्य. नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक पान दाखवते, आमच्यातल्या एका काकूंनी त्यांची वही स्वतःहून वाचायला दिली होती आणि लिहायला हरकत नाही म्हणाल्या.

काय घडलं: पुरणपोळ्या केल्या, सून जेवली आणि काहीही न बोलता उठून गेली.
वाक्य: तिला माझ्या हातचं आवडत नाही, या घरात माझी काही किंमत नाही.
वाटलं: दुःख ८०, राग ६०.
बाजूने पुरावा: बोलली नाही. मागे एकदा तूप जास्त झालंय म्हणाली होती.
विरुद्ध: गाडी लेट होती, घरी यायला ९ वाजून गेले. मुलाशीही बोलली नाही. गेल्या आठवड्यात कटाच्या आमटीची कृती विचारून लिहून घेतली. दोन पोळ्या खाल्ल्या, एरवी एकच खाते.
नवीन वाक्य: ती आज फार दमली होती. मला कोणी काही बोललं नाही याचं वाईट वाटलं हे खरंच आहे. उद्या मीच विचारेन कशा झाल्या होत्या.
आता: दुःख ३५, राग २०.

यातलं शेवटचं वाक्य नीट बघा. "सून माझ्यावर जीव ओवाळून टाकते" असं काकूंनी लिहिलं नाही, लिहिलं असतं तर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नसता. वाईट वाटलं तेही त्यांनी पुसलं नाही. जेवढं खरं आहे तेवढंच, पण सगळं खरं, फक्त वाईट बाजूचं नाही, आणि वर उद्या करायची एक गोष्ट. सकारात्मक विचार म्हणजे माझ्या दृष्टीने हा एवढाच. आकडा शून्यावर यायला पाहिजे असं नाही, ८० चा ३५ झाला तर रात्रीची झोप लागते.

लिहिताना बहुतेक तीन-चार सवयी वारंवार दिसतात. एकावरून सगळं ठरवणं, म्हणजे एक पेपर अवघड गेला की आयुष्य वाया. दुसऱ्याच्या मनातलं आपणच वाचणं, काकूंचं होतं ते. सगळ्यात वाईट तेच होणार असं धरून चालणं, मुलीने फोन उचलला नाही की अ‍ॅक्सिडेंट. आणि हट्ट, लोकांनी माझ्याशी असंच वागलं पाहिजे. इच्छा ठेवायला काहीच हरकत नाही, तिचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो. पुरावा शोधताना अडलात तर स्वतःला विचारा की हेच माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत झालं असतं तर मी तिला काय म्हटलं असतं.

पायरी ६: स्वप्न बघा पण अडथळ्यासकट

नुसतं छान चित्र डोळ्यासमोर आणून काम होतं असं नाही. गॅब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कितीतरी वर्षं हेच अभ्यासलं आणि नुसत्या गोड कल्पनेत रमणाऱ्यांचे प्रयत्न उलट कमी पडतात असं त्यांना दिसलं. त्यांची रीत सोपी आहे: काय हवंय, ते झालं तर कसं वाटेल, माझ्या आतला अडथळा कुठला, आणि तो आला तर मी काय करणार.

उदाहरणार्थ शुगर आहे आणि रोज अर्धा तास चालायचंय. झालं तर अंगात हलकं वाटेल, रिपोर्ट बघताना पोटात गोळा येणार नाही. अडथळा काय, संध्याकाळी घरी आलं की सोफ्यावर बसतो आणि मग उठवत नाही. तर वाक्य असं करा: "घरी आलो की बूट न काढता पाण्याचा एक ग्लास पिऊन खाली उतरेन, आणि पाऊस असेल तर पार्किंगमध्येच फेऱ्या मारेन." हे वाक्य सकाळी ध्यानातून उठताना एकदा मनात म्हणा. आरशासमोरच्या कुठल्याही मोठ्या वाक्यापेक्षा हे जास्त चालतं.

पायरी ७: काळजीला वेळ द्या

रात्री आडवं पडलं की सगळ्या काळज्या रांगेत उभ्या राहतात ज्यांच्या, त्यांच्यासाठी हे आहे. संध्याकाळी ६-७ च्या सुमारास १५-२० मिनिटं ठरवून, बेडरूम सोडून दुसरीकडे बसून फक्त काळजी करायची, कागदावर लिहून. दिवसभरात काळजी आली की एक शब्द टिपून ठेवायचा आणि म्हणायचं संध्याकाळी बघू. थॉमस बोर्कोवेक यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत लोकांवर करून बघितली आणि त्यांचा काळजीत जाणारा वेळ कमी झाला. संध्याकाळी यादी बघताना निम्म्या गोष्टी आपोआप विझलेल्या असतात, उरलेल्यांपुढे उद्या काय करता येईल ते लिहा, काहीच करता येत नसेल तर तेही लिहा.

पायरी ८: रात्रीची पाच मिनिटं

दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या. पण बारीक. "माझं कुटुंब, माझं आरोग्य" असं लिहून तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. त्याऐवजी, रिक्षावाला विसरलेली छत्री द्यायला मागे आला. शेजारच्या आजींनी कढीपत्ता दिला. दुपारी एकदम वारा सुटला. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा २००३ चा कृतज्ञतेवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यातल्या एका प्रयोगात तर लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं आणि तरी त्यांना एकूण आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. म्हणून रोज जमत नसेल तर रविवारी रात्री लिहा.

मग झोपायच्या आधी एक मिनिट लोकांसाठी चांगलं चिंतायचं. आधी स्वतःसाठी, मग जवळच्या एकासाठी, मग ज्याला नुसतं तोंडओळखीने ओळखता त्याच्यासाठी, वॉचमन, दूधवाला. जमलं तरच ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी, सुरुवातीला जबरदस्ती करू नका. याबद्दल पतंजलींनी जे सांगितलंय ते मला फार व्यवहारी वाटतं: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, आणि वाईट वागणाऱ्याकडे दुर्लक्ष. वाईट वागणाऱ्यावर प्रेम करा असं नाही म्हटलंय, दुर्लक्ष! मैत्रिणीने मोठा फ्लॅट घेतला आणि आपल्या पोटात दुखलं की मी तिथे पहिला भाग वापरते, तिला फोन करून गॅलरी कुठल्या दिशेला आहे, ऊन कधी येतं असं विचारते. विचारता विचारता मनातलं खरंच सैल होतं.

कुठे थांबायचं

हे नीट वाचा. ध्यान हे औषधाला पर्याय नाही. दोन आठवडे सलग उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आठवडे मोजत बसू नका, आजच कोणाला तरी सांगा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. पूर्वी स्किझोफ्रेनिया, बायपोलर असं निदान झालेलं असेल किंवा एखादा मोठा धक्का ताजा असेल तर लांबलचक मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि शिबिराच्या फॉर्ममध्ये आजाराची माहिती लपवू नका. डोळे मिटून बसल्यावर जुनं काहीतरी वर येऊन रडू येणं हे होऊ शकतं, पण दरवेळी घाबरायला होत असेल तर डोळे उघडा, उठा, पाणी प्या आणि एकटीने रेटू नका.

आणि घरात मारहाण होत असेल, ऑफिसात छळ होत असेल तर तिथे विचार बदलायचा नसतो, परिस्थिती बदलायची असते. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीला ११२. "सकारात्मक रहा" म्हणून कोणी तुम्हाला गप्प बसवत असेल तर त्यांचं ऐकू नका.

बारीकसारीक अडचणी

झोप येते: बहुतेक वेळा झोप अपुरी असते, आधी ती पूर्ण करा. तरी येत असेल तर तोंडावर पाणी मारून डोळे अर्धे उघडे ठेवून बसा, किंवा आधी चार सूर्यनमस्कार घाला.

कंटाळा येतो: कंटाळ्यालाच नाव द्या, "कंटाळा", आणि श्वास. वेळ वाढवण्याऐवजी दोन दिवस ३ मिनिटांवर आणा पण बसा.

घरचे हसतात: काही समजावायला जाऊ नका. महिनाभर करा.

फरक पडतोय का कसं कळणार: बसलेल्या वेळात शोधू नका, इतर वेळी बघा. सिग्नलला मागच्याने हॉर्न मारला तेव्हा तोंडातून काय निघालं, फॅमिली ग्रुपवर कोणी टोचून लिहिलं तर उत्तर टाइप करून लगेच पाठवलं की थोडं थांबलात, रात्री भांडण झालं तर सकाळपर्यंत किती उरलं. अशा गोष्टी आठवड्यातून एकदा वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहा. घरच्यांना विचारलंत तर ते आधी सांगतील.

महिना-दोन महिन्यांनी ५ मिनिटं पुरत नाहीत असं वाटायला लागलं तर १५-२० पर्यंत न्या. त्यापुढे कोणाकडून तरी शिकावं. विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला फी नसते, राहणं-जेवण धरून सगळं आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर चालतं, मात्र दहाही दिवस राहावं लागतं, फोन जमा करावा लागतो, मौन पाळावं लागतं आणि पहाटे ४ ला उठावं लागतं, तेव्हा घरची, ऑफिसची सोय नीट लावून मगच नाव द्या. इगतपुरीला जागा लवकर भरतात, पण महाराष्ट्रात इतरही बरीच केंद्रं आहेत. एवढे दिवस निघणार नसतील तर माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष ठेवायला शिकण्याचा, ८ आठवड्यांचा कोर्स असतो, अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये दीर्घ दुखण्याच्या पेशंटसाठी हे काम सुरू केलं होतं, आता तो ऑनलाइनही मिळतो, आठवड्यातून एक वर्ग आणि बाकी घरचा सराव. नाव नोंदवताना शिकवणाऱ्याने स्वतः कुठे शिकलंय ते विचारा, आणि कोणी पहिल्याच भेटीत आजार बरा करायची हमी देऊन मोठी रक्कम आधी मागत असेल तर तिथे जाऊ नका.